ऑपरेशन नीट झालं, मग बाटलीत बुडबुडे का?

फुप्फुसाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या खाटेखाली एक बाटली असते. बरगड्यांच्या मधून निघालेली करंगळीएवढी जाड नळी त्या बाटलीत उतरते आणि तिचं टोक पाण्यात बुडालेलं असतं. पेशंट खोकला की पाण्यातून बुडबुडे फुटतात. सोबतीला थांबलेला माणूस रात्रभर त्या बाटलीकडे बघत बसतो. सकाळी राउंडला डॉक्टर येतात, "जरा जोरात खोका बघू" म्हणतात, बाटलीकडे नजर टाकतात आणि सांगतात, "अजून एअर लीक आहे, नळी आज नको काढायला." मग ते पुढच्या खाटेकडे जातात, आणि इथे प्रश्न सुरू होतात. गाठ तर निघाली, मग हवा गळतेय कुठून? टाका सुटला का? कुणाची चूक झाली का?

हे प्रश्न आता पूर्वीपेक्षा जास्त घरांत विचारले जाणार आहेत. २०२२ या एका वर्षात जगभरात फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २५ लाख नवे रुग्ण सापडले. सीटी स्कॅनमुळे लहान, वेळेत कापून काढता येतील अशा गाठीही दिसू लागल्या आहेत. म्हणून ही बाटली नीट समजून घेऊ.

## फुप्फुस फुग्यासारखं नसतं

फुप्फुस म्हणजे फुगा, असं आपण सहज म्हणून जातो. पण फुग्यात एकच पोकळी असते. फुप्फुस हे साबणाच्या दाट फेसासारखं आहे. त्यात ३० कोटींहून जास्त सूक्ष्म कप्पे असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांच्या भिंती इतक्या पातळ असतात की हवेतला ऑक्सिजन त्यातून सरळ रक्तात उतरतो. या सगळ्या फेसावर एक पातळ, चकचकीत आवरण असतं. छातीच्या भिंतीलाही आतून तसंच अस्तर असतं. या दोन पडद्यांच्या मध्ये थोडासा, काही मिलिलिटर द्रव असतो, बाकी काही नाही.

दोन काचा ओल्या करून एकमेकींवर ठेवल्या की त्या सरकतात, पण ओढून सुट्या होत नाहीत. फुप्फुस आणि छातीची भिंत यांचं नातं असंच आहे. फुप्फुसाचा स्वभाव आकसण्याचा, छातीच्या पिंजऱ्याचा बाहेर ताणण्याचा. या ओढाताणीमुळे दोन पडद्यांमधल्या जागेत दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी राहतो, आणि त्या जोरावर फुप्फुस फुललेलं राहतं. त्या फटीत हवा शिरली की काचा सुट्या झाल्या. फुप्फुस भिंतीपासून मागे हटतं आणि आकसतं.

कापलेल्या जागेतून हवा याच फटीत येत राहते, तिला एअर लीक म्हणायचं.

## नीट शिवून टाकलं असतं तर?

हा पहिला आक्षेप, आणि तो रास्त आहे. पोट शिवतात, हृदय शिवतात, मग फुप्फुस का नाही?

शिवतात, पण फेस दोरा धरत नाही. ओला टिश्यू पेपर शिवायला घेतला तर काय होईल? सुई जिथून गेली तिथे भोक राहतं, दोरा ओढला की ते लांबतं. फुप्फुसावर घातलेला प्रत्येक टाका म्हणजे हवेला दोन नवी छोटी भोकं. म्हणून बारीक लीक दिसला तर अनुभवी सर्जन पुष्कळदा हात आवरता घेतात. ती गळती आपोआप थांबते, टाक्यांनी कधी कधी वाढते.

दुसरी अडचण अशी की फुप्फुसाला विश्रांती देता येत नाही. हाड मोडलं तर प्लास्टर घालून महिनाभर हलवायचं नाही, असं सांगता येतं. फुप्फुसाची जखम मात्र दिवसाला साधारण २० हजार वेळा ताणली जाते आणि सैलावते. हे थांबवताच येत नाही.

मग ती भरते कशी? या लेखातली हीच गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जखमेवर रक्तातला चिकट धागा, म्हणजे फायब्रिन, जमतो. पण त्याला टेकायला काहीतरी लागतं. फुप्फुस फुलून छातीच्या भिंतीला लागलं की भिंतच त्या भोकावर तळहातासारखी बसते आणि फायब्रिन दोघांना जोडतं. फुप्फुस भिंतीपासून दूर राहिलं तर भोक उघडं राहतं आणि हवा येत राहते. ऑपरेशनच्या आधी, दरम्यान आणि नंतर जे जे उपाय करतात, ते शेवटी या दोनपैकी एका कामाचे असतात: फुप्फुसाला कमीत कमी इजा करायची, आणि उरलेलं फुप्फुस लवकरात लवकर भिंतीला लावायचं.

बहुतेकांच्या बाबतीत हे दोन-तीन दिवसांत घडतं. पाच दिवसांनंतरही हवा येत राहिली तर त्याला लांबलेला एअर लीक म्हणतात (काही ठिकाणी सात दिवसांची मर्यादा धरतात). फुप्फुसाचा एक खंड काढल्यावर असं होण्याचं प्रमाण बऱ्याच अभ्यासांत शंभरांत ८ ते १५ च्या आसपास सापडतं.

## मग एकाला दोन दिवस आणि दुसऱ्याला दहा दिवस, असं का?

कारण फुप्फुसं सारखी नसतात. वर्षानुवर्षं धूम्रपान झालं असेल तर वायुकोशांच्या भिंती मोडून मोठमोठ्या पोकळ्या होतात. याला एम्फिसिमा म्हणतात. असं फुप्फुस विरलेल्या कापडासारखं असतं, हात लावला तरी फाटतं. बराच काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या असतील, अंगावर मांस नसेल, तर जखम उशिरा भरते. पूर्वी क्षयरोग किंवा मोठा संसर्ग होऊन गेला असेल तर फुप्फुस भिंतीला जागोजागी चिकटलेलं असतं. ते सोडवतानाच त्याचं आवरण खरवडलं जातं. वरचा खंड काढला असेल तर छातीच्या घुमटात जागा रिकामी राहते, आणि उरलेल्या फुप्फुसाला तिथवर पोचायला वेळ लागतो.

अमेरिकेत एम्फिसिमाच्या रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, नॅशनल एम्फिसिमा ट्रीटमेंट ट्रायल. फुप्फुसाचे सगळ्यांत खराब झालेले भाग कापून काढले तर उरलेल्याला बरं काम करता येतं का, हे तिच्यात तपासलं होतं. त्या रुग्णांच्या एअर लीकचा हिशेब २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशन झालेल्यांपैकी ९० टक्के लोकांना एअर लीक झाला होता, आणि तो टिकण्याचा मध्यक काळ सात दिवस होता, म्हणजे साधारण निम्म्यांचा त्याच्या आत थांबला, निम्म्यांचा त्यापुढे चालला. त्याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. कोणत्या कंपनीचा स्टेपलर (फुप्फुस कापून कडा पिनांनी बंद करणारं यंत्र) वापरला, पिनांखाली आधाराची पट्टी लावली की नाही, छाती कोणत्या बाजूने उघडली, यांपैकी कशानेही गळतीत फारसा फरक पडलेला दिसला नाही. फुप्फुस किती खराब आहे आणि ते भिंतीला किती चिकटलेलं आहे, याने पडला.

म्हणून बुडबुडे दिसले की सर्जनच्या हातावर शंका घ्यायची घाई करू नये, असं मला मनापासून वाटतं.

## टेबलावर काय काय करतात

तरी हातात काहीच नसतं असं नाही. उलट बरंच असतं.

उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. खंडांच्या मध्ये फट असते, असं चित्रात स्वच्छ दिसतं. खऱ्या छातीत ती फट पुष्कळांची अर्धवटच असते आणि दोन खंड फेसाने एकमेकांना जोडलेले असतात. जुनी पद्धत अशी की त्या फटीतून उकरत जाऊन आतली रक्तवाहिनी शोधायची. त्या उकरण्यातच फेस फाटायचा आणि तिथूनच नंतर हवा गळायची. आता बरेच सर्जन ती फट शेवटपर्यंत उघडतच नाहीत. आधी फुप्फुसाच्या मुळाशी जाऊन रक्तवाहिन्या आणि श्वासनलिकेची फांदी बंद करतात, आणि सगळ्यात शेवटी दोन खंडांमधला जोड स्टेपलरने एका दमात कापतात.

हा स्टेपलर कागदाच्या स्टेपलरचा हुशार भाऊ म्हणावा असा. तो बारीक पिनांच्या रांगा घालतो, बहुधा दोन्ही बाजूंना तीन-तीन, आणि मधून पातं फिरवून कापतो. म्हणजे कापलेल्या दोन्ही कडा त्याच क्षणी बंद होतात. पण पिनेची उंची फुप्फुसाच्या जाडीशी जुळावी लागते. पिना आखूड पडल्या तर फेस चिरडून फाटतो, लांब पडल्या तर सैल बसतात आणि मधून हवा निसटते. म्हणून जबडा मिटल्यावर काही क्षण थांबतात, फेसातली हवा आणि पाणी दबून बाजूला सरकू देतात, मगच कापतात.

विरलेल्या कापडाला बटण लावताना शिंपी मागून कापडाचा तुकडा देतो, नाहीतर दोरा कापड घेऊनच निघतो. तसंच इथेही करतात. १९९४ मध्ये जोएल कूपर या सर्जनने एम्फिसिमाच्या फुप्फुसावर पिनांखाली पट्टी देण्याची पद्धत मांडली. ती पट्टी गाईगुरांच्या हृदयावरच्या आवरणापासून प्रक्रिया करून बनवलेली होती. आज कृत्रिम पट्ट्याही मिळतात. वर सांगितलेल्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही, तरी फार नाजूक फुप्फुसावर अनेक सर्जन ती लावतात. माझ्या मते हा वाद अजून मिटलेला नाही.

वरचा खंड काढल्यावर घुमटात जागा रिकामी राहणार असेल तर आणखी एक जुनी युक्ती आहे. छातीच्या भिंतीचं आतलं अस्तर वरून सोडवून खाली झोळीसारखं सोडायचं. फुप्फुस भिंतीपर्यंत पोचत नाही, तर भिंतीचं अस्तरच खाली येऊन त्याला भेटतं.

छाती बंद करण्याआधी मात्र एक तपासणी होते, ती सायकलची ट्यूब ज्यांनी पाण्यात बुडवून पंक्चर शोधलंय त्यांना लगेच कळेल. छातीत कोमट सलाइन ओततात, भूलतज्ज्ञ फुप्फुसात हळूहळू हवा भरतात (दाब साधारण २० ते २५ सेंटिमीटर पाण्याइतका), आणि बुडबुडे कुठून येतात ते सगळे वाकून बघतात. दुर्बिणीतून ऑपरेशन चालू असेल तर हे जरा अवघड जातं, कारण फुप्फुस फुगलं की तेच कॅमेऱ्यापुढे येतं. मोठी धार दिसली तर ती जागा बंद करतात. एखादी बारीक माळ असेल तर तिच्यासाठी नवी भोकं पाडत बसत नाहीत.

भूलतज्ज्ञाचा वाटा यात मोठा असतो, आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. आपण श्वास घेतो तेव्हा छाती हवा आत ओढते. व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो. ताज्या कापलेल्या कडेवर आतून ढकलणारा दाब जितका कमी वेळ राहील तितकं बरं. म्हणून शक्य असेल तर पेशंटला टेबलावरच जागं करून घशातली नळी काढतात.

## गोंद लावून मोकळं का होत नाहीत?

गोंद आहेत. रक्तातल्या फायब्रिनपासून केलेले आहेत, अल्ब्युमिनसारख्या प्रथिनापासून केलेले फवारे आहेत, औषध लावलेले चिकट तुकडेही आहेत. त्यांच्यावरच्या चाचण्या एकत्र ठेवून बघितल्या तर दिसतं असं की गोंदाने गळती कमी होते आणि नळी थोडी लवकर निघते, पण पेशंट लवकर घरी जातो का, याचं उत्तर दरवेळी होकारार्थी येत नाही. ज्याची गळती तशीही दोन दिवसांत थांबणार होती, त्याला गोंदाने काय मोठं मिळणार? म्हणून सरसकट सगळ्यांना लावण्यापेक्षा पाण्याच्या तपासणीत ज्याची गळती ठळक दिसते, त्याला लावणं मला पटतं.

## बाटली नेमकं काय करते

पेल्यात पाणी घ्या, त्यात स्ट्रॉ बुडवा आणि फुंका. हवा बुडबुड्यांनी बाहेर जाते. आता हलकेच ओढा. हवा परत येत नाही, स्ट्रॉमध्ये थोडं पाणी चढतं एवढंच. छातीची नळी पाण्याखाली साधारण २ सेंटिमीटर बुडवून ठेवतात, ती याचसाठी. हवेला बाहेर जायला वाट, आत यायला बंदी. जर्मनीतल्या गोटहार्ड ब्युलाऊ या डॉक्टरांनी छातीतला पू काढण्यासाठी १८७५ मध्ये ही रीत वापरली आणि १८९१ मध्ये लिहून प्रसिद्ध केली. तत्त्व आजही तेच आहे.

म्हणजे बुडबुडे ही गळतीची खूण असली, तरी ती हवा छातीत साठत नाहीये याचीही खूण आहे. म्हणूनच बुडबुडे दिसताहेत म्हणून नळीला कुणी आपल्या मनाने चिमटा लावू नये. हवा येत राहिली आणि वाट बंद झाली, तर ती आत साठून फुप्फुस आणि हृदय दोन्ही दाबते. हे जिवावर बेतू शकतं. बाटली कायम छातीच्या खाली ठेवायची, उचलून खाटेवर ठेवायची नाही, नाहीतर पाणी उलटं छातीत जाईल.

वॉर्डात "कॉलम हलतोय का?" असं विचारतात. श्वासाबरोबर नळीतली पाण्याची पातळी वरखाली होते, तिच्याविषयी ते बोलत असतात. पातळी हलत असेल तर नळी मोकळी आहे. बुडबुडे एकदम थांबले, पातळी हलायची थांबली आणि पेशंटला धाप लागली, तर गळती बंद झाली म्हणून हायसं वाटून घ्यायचं नाही. नळी कुठे अंगाखाली दुमडली आहे का ते बघायचं आणि लगेच नर्सला हाक मारायची. मान किंवा छाती सुजली आणि बोटाने दाबल्यावर बर्फावर पाय पडावा तसं कुरकुरलं, तर हवा कातडीखाली शिरते आहे. तेही लगेच सांगायचं.

हल्ली काही ठिकाणी बाटलीऐवजी छोटं डिजिटल यंत्र असतं. मिनिटाला किती मिलिलिटर हवा येते हे ते आकड्यात दाखवतं आणि तासातासाचा आलेखही ठेवतं. सकाळच्या राउंडला एकदाच खोकायला लावून एक डॉक्टर म्हणतो "आहे", दुसरा म्हणतो "नाही", तो घोळ यामुळे कमी होतो.

## सक्शन जोरात लावलं तर लवकर थांबेल ना?

तर्क बरोबर वाटतो: बाहेरून ओढलं की फुप्फुस भिंतीला लागेल. पूर्वी जवळपास सगळ्यांनाच सक्शन, म्हणजे बाटलीला जोडून छातीतली हवा ओढून घेणारं यंत्र, लावायचे. पण जोरात ओढलं की भोकातूनही हवा ओढली जाते, आणि भोक मिटायच्या ऐवजी उघडं राहतं. २००१ च्या सुमाराला अमेरिकन सर्जन रॉबर्ट सेरफोलिओ आणि इतरांनी केलेल्या चाचण्यांत सक्शन काढून नळी नुसती पाण्याखाली ठेवली, तेव्हा अनेकांची गळती लवकर थांबलेली दिसली. नंतरच्या चाचण्यांचे निकाल संमिश्र आले. त्यामुळे सुरुवातीला थोडं सक्शन आणि मग नुसतं पाणी, किंवा पहिल्यापासून अगदी हलकं सक्शन, असं पेशंट बघून ठरवतात. नुसत्या पाण्यावर ठेवल्यावर फुप्फुस आकसू लागलं तर सक्शन पुन्हा लावावं लागतं. "शेजारच्याला लावलंय, आम्हाला का नाही?" या प्रश्नाचं उत्तर दोघांच्या एक्सरेत असतं.

## खोकल्यावर बुडबुडे येतात, मग खोकायचंच नाही का?

खोकायचं. ही गैरसमजूत फार नुकसान करते. पेशंट बुडबुड्यांना घाबरून खोकला दाबतो, श्वास वरच्यावर घेतो, हलत नाही. मग कफ साठतो, उरलेल्या फुप्फुसाचा भाग मिटतो आणि भिंतीपर्यंत पोचतच नाही. ज्याने गळती थांबायची तेच अडतं. खोकताना छातीतला दाब वाढतो आणि साठलेली हवा नळीवाटे बाहेर पडते. फक्त खोकल्यावरच येणारे बुडबुडे हे सतत येणाऱ्यांपेक्षा सौम्य गळतीचे असतात.

उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं, दीर्घ श्वास घ्यायचे, बाटली खाली धरून चालायचं. हे सगळं दुखतं, म्हणून वेदनाशामक औषधं वेळेवर मागून घ्यायची. दुखणं सोसण्यात मोठेपणा नाही. दुखतंय म्हणून श्वास अर्धवट घेतला तर त्याची किंमत फुप्फुस चुकवतं.

आणि ऑपरेशनच्या आधी? सिगारेट बंद, शक्यतो किमान चार आठवडे आधी, पण उशीर झाला म्हणून सोडायची नाही असं मुळीच नाही. इनहेलर नियमित, खाणं नीट, श्वासाचे व्यायाम. स्टेरॉइड चालू असतील तर सर्जनला आधी सांगायचं. ती आपल्या मनाने बंद करणं धोक्याचं असतं.

## आठवडा होत आला तरी थांबत नाही, आता?

पुन्हा उघडून बंद का करत नाहीत, हा प्रश्न इथे येतोच. गळती श्वासनलिकेच्या बंद केलेल्या टोकातून असेल, तर ते प्रकरण वेगळं आणि गंभीर असतं. तिथे पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. पण पृष्ठभागावरच्या बारीक भोकांसाठी त्याच विरलेल्या कापडाला पुन्हा हात लावणं हा शेवटचा पर्याय. आधी बरंच काही करता येतं.

पहिला पर्याय, वाट बघणं. यात निष्काळजीपणा नसतो, पण नळी जितके दिवस राहील तितका संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून ताप आणि एक्सरे यांवर लक्ष ठेवावं लागतं. पेशंट बाकी ठीक असेल तर नळीला एकमार्गी झडप जोडून त्याला घरी पाठवतात. ही रबरी झडप हेन्री हाइमलिक यांची. घशात घास अडकल्यावर पोट दाबून तो काढण्याच्या रीतीलाही त्यांचंच नाव आहे. नळी घेऊन घरी जायची कल्पना भीतीदायक वाटते, पण बहुतेकांची गळती घरीच थांबते.

दुसरा उपाय ऐकून लोक दचकतात. पेशंटच्याच हातातून ५० ते १०० मिलिलिटर रक्त काढतात आणि ते लगेच नळीतून छातीत सोडतात. नळी उंचावर अडकवून ठेवतात, म्हणजे रक्त खाली परत येत नाही आणि हवेची वाट मात्र उघडी राहते. रक्त गोठतं आणि भोकावर चकतीसारखं बसतं. जमलं तर एक-दोन दिवसांत बुडबुडे थांबतात. एखादं औषध सोडून दोन पडदे मुद्दाम चिकटवण्याचा पर्यायही असतो, पण त्यासाठी फुप्फुस भिंतीला लागलेलं हवं.

याशिवाय दुर्बिणीतून श्वासनलिकेच्या फांदीत छत्रीसारखी बारीक झडप बसवता येते. तिकडे हवाच जाऊ दिली नाही की भोक कोरडं पडून भरतं. काही आठवड्यांनी ती काढून टाकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने अशा झडपेला लांबलेल्या एअर लीकसाठी २००८ मध्ये मर्यादित परवानगी दिली.

## नळी निघते तो दिवस

पेशंटला खोकायला सांगतात, पाणी शांत राहतं. डिजिटल यंत्र असेल तर आकडा काही तास अगदी खाली टिकलेला असतो. एक्सरेत फुप्फुस भिंतीला लागलेलं दिसतं, आणि नळीतून येणारं पाणीही कमी झालेलं असतं. मग डॉक्टर सांगतात, "श्वास धरा." नळी एका झटक्यात बाहेर येते आणि जखमेवर आधीच घालून ठेवलेला टाका त्याच वेळी ओढून बांधतात. काही तासांनी आणखी एक एक्सरे काढतात. तोवर आत काढलेल्या खंडाची जागा भरू लागलेली असते: श्वासपटल थोडं वर सरकलेलं, हृदय किंचित त्या बाजूला झुकलेलं, आणि उरलेलं फुप्फुस हळूहळू पसरत भिंतीला टेकलेलं.